जिवंत बाईचा गाऊन

— चोरायला नाही हो आले, मावशी, माझीच वस्तू आहे ती! दोरी ओलांडून आत पाय टाकला ही चूक, कबूल, पण म्हणून एवढी शिट्टी वाजवायची? बाळ दचकलं ना. म्हणजे, दचकायला हवं होतं. नाही दचकलं. असो. तिकीट आहे माझ्याकडे, हे बघा. मी काही भटकी बाई नाही, शाळेत प्राचीन ग्रीक शिकवते, सध्या रजेवर आहे. नाव मिर्तो. तुमचं बिल्ल्यावर दिसतंय — स्ताव्रूला. तर स्ताव्रूला मावशी, त्या खडकाच्या फटीत, चपट्या दगडाखाली माझा एक गाऊन आहे. बाळंतपणातला. मीच ठेवला होता मागच्या महिन्यात, आणि आता मला तो परत हवाय. एवढंच. उचलते नि जाते. तुम्ही फक्त दोन मिनिटं समुद्राकडे बघा, किंवा त्या विमानाकडे बघा — दर पाच मिनिटांनी एक जातंय तुमच्या डोक्यावरून, कशी राहता हो तुम्ही इथे?

कशासाठी ठेवला म्हणजे? हसणार नसाल तर सांगते. नाही हसलात? सगळे हसतात, म्हणून आधीच बजावायची सवय लागलीय. नवस होता. आर्तेमिसचा. हो, तीच, तुमच्या पाटीवरची जुनी देवी, जिचं इथे देऊळ होतं. आम्ही वीस-एक माणसं आहोत अथेन्समध्ये, जुन्या देवांना मानणारी. पानांचे मुकुट घालून नाचणारी नाही — बरं, वर्षातून एकदा घालतो मुकुट. फोतिसच्या गच्चीवर जमतो. फोतिस म्हणजे आमचा पुजारी, एरवी पोरांचे वाकडे दात सरळ करतो. जव वाहायचे, मध वाहायचा, स्तोत्र म्हणायचं. खालच्या मजल्यावरची म्हातारी दरवेळी पोलिसाला फोन लावते की वर सैतान बोलावतायत. तो बिचारा येतो, तिळाची वडी खातो आणि जातो. तर सहाव्या महिन्यात माझ्या अंगावरून जायला लागलं. डॉक्टर म्हणाले पडून राहा. पडून पडून माणूस काय करणार? मी देवीशी बोलायला लागले. बाळंतिणीला सोडवणारी तीच ना, आणि बाण मारणारीही तीच. बाळंतपणात बाई तडकाफडकी गेली की पूर्वी म्हणायचे, तिचा बाण लागला. मी म्हटलं, बये, तुझा बाण भात्यात राहू दे. मी सुटले तर ज्या गाऊनात सुटेन तो तुझ्या पायाशी आणून घालीन. पूर्वीच्या बायका इथे घालायच्या तसाच.

आणि सुटले की! ही बघा ना, धडधाकट. नाव नाही अजून. सासूबाई, एव्हान्थिया नाव त्यांचं, म्हणतात बाप्तिस्मा झाल्याशिवाय नाव नाही. फोतिस म्हणतो आपल्या विधीनं ठेवू. माझा नवरा स्त्रातोस म्हणतो, दोघं मिळून काय ते ठरवा, तोवर मी 'ए ढमे' म्हणतो. तर चाळीस दिवस व्हायच्या आत बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा, आणि नवस लांबवायचा नाही, हा माझा. मी माझा पाळला. दुधाची बाटली, लंगोट आणि ही, सगळं सासूबाईंच्या हवाली केलं, डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि गाऊन पिशवीत कोंबून बसनं आले.

आता देवीची जागा कुठली, ती खाली, झऱ्याजवळ, ते देवळाच्या पायाचे दगड उरलेत तिथे. हे काय तुम्हाला सांगायचं? पण त्या दिवशी नेमकी शाळेची सहल! पोरं त्या दगडांवर लंगडी घालतायत, आणि बाई कोण, तर माझ्याच शाळेतली भूगोलाची. 'अगं मिर्तो, तू! अभिनंदन! बारीक झालीस हो!' आता तिच्यासमोर तीनदा धुऊनही डाग न गेलेला गाऊन काढून पसरू? लाज वाटली मला. अशी मी भक्त. वळले आणि इकडे आले, खडकाकडे. इथे आडोसा होता, गार होतं, कुणी नव्हतं. फटीत घडी सरकवली, वर दगड ठेवला, म्हटलं, बये, पोचलं समज. इतकं हलकं वाटलं मला! बसमध्ये झोपच लागली.

मग फोतिसनं विचारलं. कॉफी पीत होतो आम्ही. म्हणाला, नवस फेडलास? फेडला. कुठे ठेवलास? खडकात. त्यानं कप खाली ठेवला. 'खडकात?' म्हणाला, मावशी. त्याचं ते 'खडकात?' अजून माझ्या कानात आहे. कारण — तुम्हाला ठाऊक आहेच, पाटीवर लिहिलंय — खडकातली जागा देवीची नाहीच. ती इफिगेनियाची. बापानं जिला बळी द्यायला नेलं आणि देवीनं जिला इथे आणून स्वतःची पुजारीण केलं, तिचं थडगं ते. बाळंतपणात वाचलेल्या बायकांचे कपडे देवीला. आणि ज्या वाचल्या नाहीत त्यांचे इफिगेनियाला. हे मी शिकवते हो! फळ्यावर मधोमध रेघ मारून शिकवते, वाचलेल्या इकडे, गेलेल्या तिकडे. एका पोरानं पेपरात उलटं लिहिलं तर त्याचे मार्क कापलेत मी. आणि स्वतः जाऊन स्वतःला कुठल्या बाजूला लिहून आले, तर तिकडे.

तेव्हापासून. — नाही, सांगते, पण वेडी म्हणू नका. औषधाच्या दुकानाचं काचेचं दार असतं ना, आपण समोर गेलो की उघडणारं, ते माझ्यासाठी उघडेना. स्त्रातोस म्हणाला, दार बिघडलंय. असेल. पण माझ्या मागून एक म्हातारा आला, आणि उघडलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. वाटीत पाणी, पाण्यात तेलाचा थेंब. थेंब विरघळला तर दृष्ट आहे. माझा तसाच तरंगत राहिला. 'तुला काही नाही गं, बये,' म्हणाल्या, 'काहीसुद्धा नाही!' खूश झाल्या. मी मात्र रात्रभर त्या 'काहीसुद्धा नाही'वर विचार करत बसले. परवा स्त्रातोस फोनवर कुणाला तरी सांगत होता, 'मिर्तो काय हसायची रे, पोट धरून हसायची.' हसायची! मी तिथेच उभी, कपड्यांच्या घड्या घालत. आणि ही. ही माझ्याकडे बघत नाही. इथे, खांद्याच्या जरा मागे बघते. दूध पिताना सुद्धा. मी मान वळवून पाहते मागे, कोण आहे म्हणून.

हो, माहीत आहे मला. डॉक्टरी नाव आहे त्याला, बाळंतपणानंतरची उदासी. पत्रक लावलंय फ्रिजवर, खाली फोन नंबर. शिकलेली बाई आहे मी, मावशी, मला सगळ्याची नावं येतात. पण नाव घेतलं म्हणून भूत जातं का? फार तर ओ देतं.

त्या दिवशी टेबलावर — नाही, ते कशाला आता. बरं. छतावर दिवे होते, आणि मी ते वरून बघत होते. खालून नाही, वरून. खूप रक्त गेलं होतं. आणि कुणीतरी म्हणालं, 'गेली.' स्वच्छ ऐकलं मी. नंतर विचारलं तर म्हणाले, असं कुणी बोललंच नाही, तुला भास झाला. मग फुलं आली, बदामाच्या वड्या आल्या, गोड पोरगी, नशीबवान आहेस, डोळे कुणाचे, नाक कुणाचं — तिचं नाक सगळ्यांना दिसलं. मला काय झालं होतं ते कुणी विचारलंच नाही. मग माझ्या मनात यायला लागलं, की चूक झालीच नसेल. पायांना माहीत असेल कुठे वळायचं ते. गाऊन बरोबर जागी गेला असेल. तर मग घरात कपड्यांच्या घड्या कोण घालतंय?

आज? आज काही नाही झालं. सहज आले. धाप — चढ आहे ना रस्त्याला. नाही? सपाट आहे? बरं, सपाट आहे. असं बघू नका हो माझ्याकडे. बसस्टॉपवर उभी होते मार्कोपूलो गावात, बाबागाडी घेऊन. बस आली. मी चढले. दार बंद झालं. बस निघाली. — बाबागाडी खालीच राहिली, मावशी. ही आत. आणि कुणी ओरडलं नाही, 'ओ बाई, तुमचं मूल!' ड्रायव्हरनं आरशातसुद्धा पाहिलं नाही. आणि मला — हे सांगायचं नव्हतं मला — मला बरं वाटलं. खिडकीतून शेतं जात होती, द्राक्षांना पालवी फुटलीय. पुढच्या स्टॉपपर्यंत बरं वाटत होतं. मग उतरले आणि धावले, आयुष्यात धावले नव्हते अशी. ही तशीच पडलेली, आभाळाकडे बघत. शेजारी एक बाई उभी, हातात भाजीची पिशवी. मला विचारते, 'हिची आई कुठे गेली, पाहिलीत का?' मला! मी म्हटलं, मीच. दोनदा म्हणावं लागलं. तिथून थेट इथे. घरी नाही गेले. तो गाऊन तिथे आहे तोवर मी हिला घेऊन घरात एकटी राहणार नाही, मावशी. मला माझी खात्री नाही. आता कळलं? तो काढायचा आणि खाली देवीच्या दगडावर ठेवायचा. मग मी इकडची होईन. होईन ना?

तुम्ही — थांबा, वाकू नका, कंबर धरेल. मी उचलते दगड. बरं, दोघी मिळून. हं.

हा. हाच माझा. निळी फुलं. हा डाग. पण हा दुसरा कुणाचा? आणि बाह्या कुणी बांधल्या एकमेकांना? याची बाही, माझी बाही — ही गाठ कुणी घातली? तुम्ही?

कोण आनेस्तिस? तो बाकावरचा? टोपीवाला म्हातारा? तो तर मी आले तेव्हापासून बसलाय तिथे... मुलगी? त्यांची? लेमोनिया. किती वर्षं — नाही, नका सांगू. बाळही? दोघंही. अरे देवा. आणि ते आमच्यातले? नाही? चर्चमध्ये जाणारे? मग त्यांना कसं — पाटी वाचून. सहज फिरायला आले, पाटी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा गाऊन घेऊन आले. आणि तुम्ही राहू दिलात. तुमचं काम तर हे सगळं झाडून काढायचं, नाही का? बरं, नाही विचारत.

आणि माझा? माझा दिसल्यावर काय म्हणाले? ... 'अजून एक पोर आली.' ... 'एकटी पडलीय, हिला सोबत पाहिजे.' म्हणून बाह्या बांधल्या. म्हणजे हातात हात. — आणि मेणबत्ती? वर त्या सेंट जॉर्जच्या देवळात? दोन लावतात? दुसरीला नाव काय घेतात, नाव तर माहीत नाही त्यांना... 'लेमोनियाची मैत्रीण'.

रडतात?

माझ्यासाठी पण?

...

नाही, काही नाही, डोळ्यात वारा जातोय. गाठ सैल आहे, सुटेल सहज. बघा, बोट जातंय आत. ओढलं की सुटेल. — नको, मावशी. राहू दे. त्या टेबलावर जी होती ना, निळ्या फुलांच्या गाऊनात, तिच्यासाठी कुणी रडलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. सगळे बाळाचं नाक बघत होतो. तिला माणूस मिळालंय इथे, बाप मिळालाय, मैत्रीण मिळालीय. तिला कुठे घेऊन जाऊ मी परत? फ्रिजवरच्या पत्रकाकडे? राहू दे. तिची जागा बरोबर आहे.

मग मी कोण उरले, म्हणता? तुम्ही नाही म्हणालात, मीच म्हटलं. बघू. फोन करते त्या नंबरवर. हो, करते, खरंच. इथूनच करते, त्या झाडाखाली बसून, आणि स्त्रातोसला म्हणते, ये आम्हाला न्यायला. पण आधी देवीचं देणं राहिलंय ना. हा स्वेटर. खांद्यावर दूध सांडलंय, बाहीला हिचं नाक पुसलंय. नवीन काही नाही, पण चालू वापरातला आहे. हा जाऊन ठेवते खाली, त्या फोटो काढणाऱ्या पाहुण्यांसमोरच ठेवते, बघू देत. थंडी? आहे की. बोचतोय वारा. बरं आहे, बोचू दे, लागतोय मला.

अगंबाई, उठले ते. टोपी काढली. इकडेच येतायत — दगड सरकवा, मावशी, लवकर, गाठ झाका. मी कोण विचारलं तर पाहुणी म्हणा. ती जिवंत आहे असं नका सांगू त्यांना, पाया पडते तुमच्या. दोन मेणबत्त्यांची सवय झालीय त्यांना.

बाबागाडी द्या इकडे. नाही, तुम्ही नका धरू, मी धरते. दोन्ही हातांनी धरलीय, बघा. तुम्ही जा त्यांच्यापाशी.

जा ना.