दीर्घिकेचं वजन आणि साडेचारची बस

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, बाजार समितीचे माजी सभापती आदरणीय बाबारावजी; व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान अकरा प्रमुख पाहुणे; सत्कारमूर्ती मोनाली; मागच्या रांगेत कशीबशी जागा मिळालेले तिचे आईवडील, सत्यभामाकाकू आणि नागोरावकाका; आणि तमाम राळेगावकर!

दुसऱ्या वर्षी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून कॉलेज सोडलेल्या या संघर्ष नावाच्या पोराला दोन शब्द बोलू देताय, हा तुमचा मोठेपणा.

मोनाली पुण्याला संशोधनासाठी निघाली. कशाच्या? अकरा वक्ते झाले, कोणी सांगितलं? एक म्हणाले, ग्रहताऱ्यांच्या. दुसरे म्हणाले, त्यापेक्षा बोंडअळीवर औषध शोध. मीही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "भरली बैलबंडी वजनकाट्यावर चढवतेत, मंग रिकामी. फरक काय?"

"कापूस."

"अन् तो डोयाले दिसलाच नाही तं?"

"तरी वजन हायेच ना!"

"तेच कृष्णद्रव्य."

मंडळी, अवाढव्य दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, वायू भयंकर तापलेला असतो. तरी तो उडून जात नाही. म्हणजे धरून ठेवणारं वजन आहे. त्यातून दिसणारे तारे आणि वायू वजा करा. उरतं ते अदृश्य. मध्यापासून काठापर्यंत ते कुठे किती, हे ती एका एकट्या पडलेल्या दीर्घिकेत मोजणार.

"पण एकटी पडलेलीच दीर्घिका काहून?" मी विचारलं.

"शेजारची ओढाताण करते, मोजमाप बिघडते. तू येऊन बाजूले उभा राह्यतं ना, तसं!"

हसा. मी त्या दिवशी हसलो नव्हतो.

कापसाची वाट लागल्यापासून आपल्याकडे पिकाचं नुकसान मोजणारी सरकारी पथकं फार. जीपची काच खाली होते, एक झाड उपटलं जातं, फोटो निघतो, जिल्हा मोजून होतो! हिला एका दीर्घिकेला पाच वर्षं लागतील म्हणते. हिला कोण नेमणार पथकात?

आता चार वाजून वीस मिनिटं झाली. साडेचारची वर्ध्याची बस हुकली की पुण्याची गाडी हुकली. उद्या अकराला हजर नाही, तर तिची जागा दुसऱ्याची. अध्यक्षीय भाषणाआधी उठू नये, हा आपला रिवाज. म्हणून ती बिचारी हार गळ्यात घेऊन तासभर घड्याळ पाहून राहिली. तिनं जाऊ नये असं या सभागृहात सगळ्यांत जास्त कोणाला वाटतं, ते मी सांगत नाही.

बाबारावजी, आपलं भाषण आम्ही सारे अंधार पडेपर्यंत ऐकू. तिला मात्र आत्ता उठवतो. हा आगाऊपणा पोटात घाला. आपण बोलू दिलंत, उपकार झाले.

मोनाली, ऊठ. बॅग बसपर्यंत मी आणतो. पुढं तुझी तू.