कालव्याकाठचं स्थळ

— ये ना आत, दिव्या, पण बॅग बाहेरच राहू दे. कसला आवाज तो? शेजारच्यांचा कुकर. हल्ली कुकरनंही दचकते मी — दिवसभर कंपनीत प्रेस मशीनचा दणदणाट ऐकून होतं तसं, बाकी काही नाही. पाणी पी. अजून घे की, इथं तांब्या मोजून देत नाही कुणी. मी तर रोज दोनदा अंघोळ करते — आईला सांगू नकोस.

तर पळून यायला तुला कुरुळीच दिसली, आणि माझीच खोली! ताई ताई करत. अगं, अण्णांचं ठरलेलं असतं ना — सगळं एकाच शिवारात ठेवायचं नाही. बाजरी माळावर, मटकी ओढ्याकडं, निम्म्या शेळ्या घरी, निम्म्या आत्याकडं. पाऊस कुठंतरी दगा देतोच, मग एक बुडालं तरी दुसरं तगतं. लेकींचंही तेच — एक कंपनीत, एक कालव्याकाठी. दोघी कुरुळीतच येऊन बसलो तर? सयाजीरावांचं स्थळ काय वाईट आहे? त्यांच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. तुझं लग्न झालं की आपल्या दोन्ही गाई उन्हाळाभर त्यांच्या गोठ्यात. मागं दुष्काळात चारा छावणीत कपिली गाय बसली ती उठलीच नाही, विसरलीस? वय जास्त आहे त्यांचं — असू दे. पहिली बायको कशानं गेली, ते विचारलं होतं मी, नीट सांगितलं नाही त्यांनी — म्हणजे अण्णांना.

अशी काय बघतेस? बरं, आलं होतं, मलाच आलं होतं ते स्थळ आधी. आधी त्यांनी गाईचे दात बघितले, मग तसंच माझ्याकडं बघितलं. मी अण्णांना म्हटलं, मला पगार आहे, दुष्काळात माझा उपयोग इथूनच जास्त — धाकटी आहे की घरी. तुझा फोटोही मीच पाठवला, निळ्या ड्रेसमधला. रडू नकोस. कुणा एकीला जायचंच होतं ना? मग मीच का? थोरली म्हणून?

तू सकाळी स्टँडवरून फोन केलास, तेव्हाच मी अण्णांना — थांब. जिन्यात पावलं वाजतायत. हा कुकर नाही. तांब्या ठेव खाली. चप्पल घाल. दार तूच उघड.