लेन्सखालचा बुडबुडा

"मी ही दूरची नोकरी घेतली तर तुमचं कसं होईल?" असं मुलीनं पत्रात विचारलं होतं. मला उत्तर जमत नव्हतं. कोरा कागद आणि पत्ता घातलेलं पाकीट खिशात घेऊनच मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी एक मुलगी वडिलांना लेन्स घालायला शिकवत होती. त्यांचं बुबुळ शंकूसारखं पुढे आलेलं, म्हणून लेन्स कोटाच्या गुंडीएवढी, औषधी पाण्यानं काठोकाठ भरून घालायची.

"मान खाली, बाबा. डोळा मिटू नका."

"मी नाही मिटला. तो मिटला."

"आत बुडबुडा राहिला. आता धूसर दिसणार. काढा, परत भरा."

"तुझी गाडी कधी?"

"सोमवारी. तुम्हाला जमलं तर."

"नाही जमलं तर?"

"तर नाही जात. रोज सकाळी कोण घालून देणार तुम्हाला?"

"नोकरीवाले थांबतील?"

"छे."

"आण ती लेन्स इकडे."

"हळू, बाबा!"

"बघ. आहे बुडबुडा?"

"नाही. एकाच फटक्यात? कधीपासून जमतंय हे?"

"झाले काही दिवस."

"मग रोज माझ्याकडून का घालून घेत होतात?"

"तुझे हात गार असतात. बरं वाटतं."

मी बाकावरच कागद काढला. 'नोकरी घे. माझं होईल.' एवढंच लिहून पाकीट रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. मग पेटीत हात जातो का, ते पाहिलं. जात नव्हता.