भिंतीतली भोकं आणि पहाटेचा चहा

...बरं, भिंतीला भोकंच पाडायची होती ना, मग सगळ्या जगाने एकदा बसून ती एकसारखी पाडायला काय हरकत होती? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कारकुनी केली. आमच्या ऑफिसात कागदाला टाचणी कुठे लावायची तो कोपरासुद्धा ठरलेला, डावीकडे वर. साहेब आले आणि गेले, कोपरा हलला नाही. आणि इथे वीज तीच, माणसं तीच, अंधार पडला की दिवा लावायची हौस तीच, पण भोकं मात्र ज्याची त्याची वेगळी. कुठे गोल, कुठे चपटी, कुठे अशी तिरपी की वाटावं, पाडणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालं होतं. आणि मला हवं काय होतं? पहाटेचा एक कप चहा. बस.

त्याचं असं झालं, की लेकीकडे परदेशात जायचं ठरलं, चांगलं दोनतीन महिने. जावई भला माणूस आहे, त्याच्याबद्दल ब्र काढायला जागा नाही. पण मला पहाटे जाग येते, आणि चहा पोटात जाईपर्यंत मी माणसांत नसतो. आता दुसऱ्याच्या घरात अंधारात स्वयंपाकघरात शिरायचं, डबे चाचपायचे, एखादं झाकण पाडायचं, आणि मग जावई डोळे चोळत येणार आणि म्हणणार, "बाबा, काही हवंय का?" हे 'काही हवंय का' मला सोसत नाही हो. जावयाच्या घरी सासऱ्याला काही हवं असताच कामा नये. म्हणून ठरवलं, आपली छोटी विजेची किटली न्यायची, चहाच्या पिशव्या न्यायच्या, दार लावून आपला आपण चहा करायचा. ना कोणाच्या अध्यात, ना मध्यात.

ही म्हणाली, "किटली नेताय, पण खोचणार कुठे? तिकडची भोकं वेगळी असतात."

झालं. लेकीला म्हटलं, तुमच्या भिंतीतल्या भोकांचा फोटो पाठव. किटलीचं मात्र बोललो नाही. फोटो आला. पुढे नातू, दोन दात दाखवत बसलेला, मागे भिंत, आणि भिंतीवर पांढरी चकती. म्हटलं, भोकं कुठायत? "अहो बाबा, बाळाने बोटं घालू नयेत म्हणून झाकण लावलंय." मग ते काढ आणि फोटो घे. "ते निघत नाही पटकन. तेवढ्यासाठीच तर लावलंय." शेवटी तोंडीच सांगितलं तिने, "दोन उभ्या फटी आणि खाली एक गोल. घाबरलेला चेहरा असतो ना, तसं दिसतं."

आता हे घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, घाबरलेल्या चेहऱ्यात बसेल असं काही आहे का? त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? हे घ्या, अख्ख्या जगाचं आहे. एकदा घेतलं की मरेपर्यंत बघायला नको." मरेपर्यंत म्हणताना तो माझ्या वयाचा अंदाज घेत होता, असा मला संशय आहे. तो ठोकळा असा, की एक कळ सरकवली की चपटे पाय बाहेर, दुसरी सरकवली की ते आत आणि गोल पाय बाहेर... मी आणि हिने संध्याकाळभर त्याला कवायत करायला लावली. तिकडचे पाय झकास निघाले. फक्त आमच्या किटलीचे पाय त्यात जाईनात. तीन जाडजूड गोल पाय, सुजल्यासारखे, आणि ठोकळ्याची भोकं नाजूक.

परत दुकानात. "त्याला काय झालं, मध्ये आणखी एक जोड लावा." लावला. तर तो सैल. "मग त्याच्यावर हा बसवा." म्हणजे किटलीची पिन एका जोडात, तो जोड दुसऱ्यात, दुसरा ठोकळ्यात आणि ठोकळा भिंतीत... एवढी उतरंड कशासाठी? एक कप चहासाठी.

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी एकदा परदेशी जाऊन आलेत, अजून पुरते परतले नाहीत. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? आम्ही तर तिकडे मागून घ्यायचो. मागायला कसली लाज?" आता यांना काय सांगायचं. मागायचंच असतं तर हा खटाटोप केला असता का मी?

तर पोचलो. पहिली पहाट. ही झोपलेली. मी चोरासारखा उठलो, भिंतीवरचं ते झाकण काढलं. बाळासाठी लावलेलं, पण म्हाताऱ्यालाही दाद देईना, एक नख गेलं. उतरंड लावली. ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबायला लागली, तिला खालून बॅगेचा टेकू दिला. किटली खोचली, बटण दाबलं, आणि तुम्हाला सांगतो, लाल दिवा लागला. लेक पहिली पास झाली तेव्हाही मला इतकं समाधान झालं नव्हतं, हिला सांगू नका.

मग वाट बघत बसलो. पाणी तापताना गुणगुणतं ना, तसं काहीच नाही. बऱ्याच वेळाने किटलीला हात लावला, तर अंगात कणकण असलेल्या माणसाचं कपाळ लागावं, तेवढीच गरम. आणखी थांबलो. कणकण कायम. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ठोकळ्याचं खोकं वाचायला घेतलं. जन्मभर दुसऱ्यांची बारीक अक्षरं वाचण्याचा पगार घेतला मी, आणि हे खोकं तेवढं वाचायचं राहिलं होतं. लिहिलं होतं, हे फक्त पाय जुळवतं, विजेचा दाब बदलत नाही. आणि तिकडच्या विजेचा दाब आपल्या निम्मा. म्हणजे पाय जुळले, भोकं जुळली, पण अंगात जोरच नाही. निवृत्त माणसासारखी वीज ती.

तेवढ्यात दारावर हलकी टकटक. "बाबा, जागे आहात का? मी चहा टाकतोय."

हा पहाटे उठतो! रोज! कोणी मला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "नको नको, माझा होतोच आहे."

"काय होतोय?"

दाराखालून उकळलेल्या चहाचा वास यायला लागला. मी किटलीचं बटण बंद केलं आणि गेलो. त्याने कप पुढे केला, काही विचारलं नाही. आम्ही दोघं खिडकीपाशी उभ्या उभ्या प्यालो.

परत खोलीत आलो, तर ही किटलीतलं पाणी घेऊन तोंड धुवत होती. म्हणाली, "अगंबाई, अगदी हवं तसं कोमट आहे. रोज लावत जा हं."

म्हणून रोज पहाटे उठायचं, झाकण काढायचं, उतरंड लावायची, टेकू द्यायचा, आणि हिच्या तोंड धुण्याचं पाणी ठेवून जावयाच्या हातचा चहा प्यायला जायचं. चहा चांगला करतो हो तो. फार चांगला करतो. तेवढं एक जन्मभर हिच्यासमोर बोलता येणार नाही.