पायरीवरची सुकडी

चाकणच्या एष्टीत माझ्या पुढच्या बाकावर माझ्या लेकीच्या गावची खैरुन्निसा नावाची बाई पुण्याहून बसली होती. भोसरीला तिची शेजारीण मथुरा चढली.

"काय झालं झेडपीत, भाभी?"

"हुकूम निघाला. जिथं सगळी पोरं आत बसत न्हाईत, त्या बालवाडीची सरकारी सुकडी बंद. आख्ख्या जिल्ह्यात."

"म्हंजे देऊळ बाटंल म्हणून भाईर बसवलेल्या आपल्या पोरी पायरीवरनं उठणार?"

"बालवाडी देवळाच्या मंडपात भरू दे न्हाई तर चावडीत, पण सगळ्यांसंगं बसून खाणार."

"झेडपीच्या साहेबानं ऐकलं कसं?"

"तपासणीला आलता तवा त्याच्या हातात वाटी दिली. म्हटलं, साहेब, आमच्या पोरींवाणी हितं उन्हात बसून खाऊन दावा."

"खाल्लं?"

"दुसऱ्या घासाला उठला. बूड भाजलं."

"आता सरपंच आडवा यील."

"येऊ दे. त्याचा पोरगाबी तीच सुकडी खातो."

मला राहवेना. मी पुढं वाकले.

"सरपंच माझा जावई हाय. त्याच्याकडंच निघालेय. उद्या माझा नातू तुमच्या पोरींच्या मांडीला मांडी लावून बसंल. मी बसवीन."

खैरुन्निसानं वळून मला नीट पाहिलं.

"बसवा की, मावशी. तुमी न बसवला तरी बसंल. हुकूम हाय."