ह्यांच्या समोरची वाट

साऊमावशी : नकाशा मी उलटा धरलाय, की तुमची वाटच वाकडी आहे, भावजी?

ताम : सुलटाच आहे, वहिनी. ही निळी रेघ कालवा, आणि ही हिरवी आपली वाट. पायी चालणाऱ्यांची नि सायकलवाल्यांची. फटफटीला मज्जाव. विहारापासून निघाली की शाळा, बाजार, पार खालच्या वाडीपर्यंत. सगळी कालव्याच्या काठाकाठानं.

साऊमावशी : काठाकाठानं ना? मग माझ्या घराशी येऊन ही मागच्या अंगाला का पळाली? माझ्या खुराड्यात हिचं माहेर आहे की काय?

दिएम : मावशी, ते वळण मी काढलंय. कचेरीतून मला नकाशापुरतंच धाडलंय, पण दोष माझाच. पुढच्या अंगणात... काकांची जागा आहे ना.

साऊमावशी : कुठल्या काकांची? हे तुझे तामकाका तर इथं बसून माझी केळी खातायत.

दिएम : साऊकाकांची. त्यांचं थडगं आहे, म्हणून.

ताम : म्हटलं, साऊदादा निवांत झोपलाय, त्याच्या उशाशी सायकलच्या घंट्या कशाला? मान राखावा. साऱ्या वाडीनं माना डोलावल्या.

साऊमावशी : साऱ्या वाडीनं. आणि मला कुणी विचारलं?

ताम : तुम्हाला विचारायला वाघाचं काळीज हवं. मागं एकदा नुसतं म्हटलं, फणसाची फांदी छाटा, तर तुम्ही मलाच छाटलंत. वाडीचा पुढारी असून आठवडाभर तुमच्या दारावरून वाकून जात होतो.

दिएम : उद्या नकाशा कचेरीत द्यायचाय, मावशी. काठावरच्या प्रत्येक घराचा होकार लागतो. तुमचाच तेवढा राहिलाय.

साऊमावशी : माझा नाही.

दिएम : मावशी!

साऊमावशी : ह्या वाकड्या वाटेला नाही. ऐक, पोरी. तुझ्या जन्माआधी इथं सडक कुठली? कालवा हाच रस्ता. म्हणून तर साऱ्या घरांची तोंडं पाण्याकडं. ह्यांनीही जाताना एवढंच मागितलं, मला पाण्याकडं तोंड करून ठेव, येणारंजाणारं दिसेल. ठेवलं. आणि मग मागं डांबरी सडक आली. भोपळेवालीची होडी गेली, मडकीवाल्याची गेली, शेवयांची पेज विकणारी ती हसरी बाई, तीही गेली. आता ह्यांच्या पुढ्यात दिवसभर काय, तर जलपर्णी.

ताम : आणि माझी बदकं.

साऊमावशी : आणि तुमची बदकं! तुमचा दादा म्हणजे पंक्चर काढता काढता साऱ्या मुलखाची ख्यालीखुशाली पुसणारा माणूस तो. चाकाला ठिगळ लावायचा, तोवर गिऱ्हाइकाच्या घरची भांडणंही मिटवायचा. इतक्या वर्षांनी त्याच्या दारात वाट येतेय, पोरं येतील, घंट्या वाजतील, तर तुम्ही मान म्हणून ती त्याच्या पाठीमागं नेता?

दिएम : म्हणजे, तुम्हाला वाट समोरून हवीय?

साऊमावशी : मग काय आभाळातून?

ताम : अरे देवा. तीन बैठका घेतल्या आम्ही, तुम्हाला दुखवायचं कसं नाही यावर!

दिएम : पण मावशी, मुली शिकवणीहून तिन्हीसांजेला परततात. थडग्यावरून जायला भितील.

साऊमावशी : तिन्हीसांजेला मी तिथं दिवा लावते. सबंध काठावर तेवढाच उजेड असतो. आणि भितील कुणाला? त्यांच्या आयांना सायकल शिकवली कुणी? तुझ्या आईला विचार. पाण्यात पडली, तर ह्यांनी आधी सायकल काढली.

दिएम : आई म्हणते, आधी तिला काढलं!

साऊमावशी : तिला तसंच वाटू दे. अगं, ती पेजवाली समोरून जाताना काय म्हणायची, ऐक :

पाण्यावरी माझी वाट,
दोन्ही अंगी हिरवा काठ,
उंबऱ्याशी पडे गाठ,
कुठं जाशी?

आणि हे इथून ओरडायचे, 'थांब, वाडगा घेऊन येतो!'

ताम : आणि घरात वहिनी भांडी आपटायच्या.

साऊमावशी : भांडी घसरायची हातातून. हं, काढ गं ती रेघ समोरून.

दिएम : काढते. पण जागा अडते, मावशी. थडगं आणि पाणी यांच्यामध्ये तुमचं जास्वंदीचं कुंपण, आणि त्याच्या पुढं... काका, ते बदकांचं आवार तुमचंच ना?

साऊमावशी : असं होय! मान कुणाचा राखत होतात, भावजी? दादाचा की बदकांचा?

ताम : दादाचाच, शपथ. म्हणजे... थोडा बदकांचाही.

साऊमावशी : आणा त्यांना मागं, माझ्या खुराड्याशेजारी. माहेर मोकळंच आहे. आणि जास्वंद मी काढते.

ताम : जास्वंद? ती तर दादानं लावलेली.

साऊमावशी : लावली तेव्हा होड्या होत्या. कुंपणावरून दिसायच्या. कुंपणाला खेटून जाणारी सायकल दिसायची नाही. फांद्या दुसरीकडं लावीन, जास्वंद रुसत नाही. चला, बांबू घ्या. रेघ कागदावर नको, मातीवर दाखवा मला.

(तिघं अंगणात येतात. ताम कुंपणापलीकडे बांबूच्या काठ्या रोवतो.)

दिएम : हे बघा. इथून इथपर्यंत. एक सायकल आरामात जाईल.

साऊमावशी : एकच?

दिएम : समोरून कुणी आलं तर जरा थांबायचं.

साऊमावशी : नको, पोरी. भावजी, ती काठी उपटा. इकडं घ्या. आणखी. ह्यांच्या पायथ्यापर्यंत आली तरी चालेल. हं, आता तुमची सायकल आणा, हिच्या सायकलीशेजारी लावा.

ताम : शेजारी कशाला? एकामागून एक जातात की लोक. आपण बांधावरून नाही का गेलो जन्मभर?

साऊमावशी : तेच तर. हे पुढं, मी मागं. बाजाराला गेलो तरी तसंच, लेकीच्या लग्नाला गेलो तरी तसंच. सगळा संसार मी ह्यांच्या पाठीला सांगितला. निम्मा वाऱ्यावर जायचा. हे पुढून विचारायचे, 'काय म्हणालीस?' मी म्हणायची, 'काही नाही.'

दिएम : लागल्या दोन्ही शेजारी, मावशी. बसतायत.

साऊमावशी : बसतायत. बघा, किती मोकळं झालं.

ताम : काय म्हणालात, वहिनी?

साऊमावशी : तुम्हाला नाही, भावजी.