कोथिंबीर घालायची नाही

—अगं नाही, मिक्सर नको, ठेव तो जागेवर. मिक्सरमधून काढलंस तर त्याचं मलम होईल, टाचांना लावायला बरं. काट्यानं ठेचायचं, हातानं, आणि थोडे तुकडे राहू द्यायचे. लिहून घेतेयस ना? घे. उद्या दुपारची गाडी तुझी, तेव्हा काय विचारायचं ते आजच विचार, तिथून फोन करून ‘मावशी, आता पुढे काय’ असं नको — शिलाई मशीन चालू असलं की मला फोन ऐकू येत नाही, आणि या पडद्यांचं काम काही महिनाभर संपत नाही. तर, अवोकाडो. हा बघ, हा कडक आहे, बाजूला ठेव. देठाची टिकली नखानं उचकटायची — अशी — खाली हिरवं दिसलं की चांगला, तपकिरी दिसलं की आतून सडलेला. हे सगळं तुझ्या आईचं हं, माझं नाही. मला कुठलं ठाऊक असणार? माझं जग म्हणजे सुई-दोरा. ती हॉटेलात, सॅलडच्या टेबलावर, रोज चाळीस-चाळीस फोडायची. सुरी गोल फिरवायची, दोन्ही अर्धे भाग उलट्या दिशांना फिरवून वेगळे करायची, बीवर सुरीचा एकच घाव आणि जरा मुरड — आली बी बाहेर. तिचा हात बघत राहावा असा होता. तुझा तसाच आहे. हो, खरंच आहे, उगाच कशाला सांगू.

आता कांदा. बारीक चीर, आणि पाण्यातून काढ, नाहीतर त्याचाच वास राहतो दिवसभर. टोमॅटोच्या बिया काढून टाक, पाणी सुटतं. एक मिरची. मीठ, लिंबू — लिंबू जरा जास्तच, त्यानं काळं पडत नाही. बी आत ठेवली की काळं पडत नाही म्हणतात, ते काही खरं नाही. झालं. कोथिंबीर? नाही. कोथिंबीर घालायची नाही. लिही तसं, मोठ्या अक्षरांत लिही. लोक घालतात, घालू देत बापडे. आपण नाही घालत. का ते तुला ठाऊक आहे ठकू, माझ्या तोंडून कशाला वदवून घेतेस? — बरं, ऐक. एवढ्या वर्षांत तू कधी तोंडानं विचारलं नाहीस, आज जायच्या आदल्या दिवशी विचारतेयस, तर ऐक. तुझी आई आली होती. सकाळचे अकरा वाजलेले. हेच टेबल, तू त्या खुर्चीवर, दोन उशा घालून बसवलेली, चार वर्षांची. तिनं अवोकाडो सोलले, कांदा चिरला, आणि म्हणाली, कोथिंबीर नाही वाटतं, मी आणते पटकन. गेली. कोपऱ्यावरच भाजीवाली बसायची. ती परत येताना पाण्याचा टँकर गल्लीत रिव्हर्स घेत होता, ड्रायव्हरला ती दिसली नाही, तिला टँकर ऐकू आला नाही. एवढंच. वॉचमन वर आला, त्याच्या एका हातात तिची चप्पल आणि दुसऱ्यात जुडी. त्याला तरी काय कळणार काय आणावं न् काय नाही. मी ती घेतली त्याच्या हातातून आणि फ्रिजमध्ये ठेवली — माणूस काय करतो बघ अशा वेळी — फ्रिज उघडून नीट आत ठेवली. मग तेरा दिवस कोणी त्या फ्रिजकडे बघितलं नाही, आणि बघितलं तेव्हा दोन्ही जुड्यांचा नुसता काळा लगदा झालेला, पाणी खालच्या कप्प्यापर्यंत ओघळलेलं, आणि तो वास, अगं, तो वास —

काय?

दोन कुठे म्हणाले मी? एक. एकच. — बरं, म्हणाले असेन. तोंडातून गेलं. तू चीर ना कांदा, थांबलीस कशाला? — अशी बघू नकोस. तुझी आई अशीच बघायची, काही न बोलता, समोरच्यानं आपणहून ओकावं म्हणून.

दोन होत्या. एक आधीची होती, आदल्या दिवशी आणलेली, ओल्या कागदात गुंडाळून दुधाच्या मागे. — हो, मला ठाऊक होतं. मीच ठेवली होती ना. आणि ती म्हणाली नाही ‘मी आणते’ म्हणून. मीच म्हणाले. म्हणाले, कोथिंबीर संपलीय गं, तेवढी घेऊन ये खालून. ती म्हणाली, राहू दे, नसली तरी चालते. दोनदा म्हणाली. चालते गं ताई, कोण बघतंय. आणि मी म्हणाले, नाही, मला लागते. मला! मला तर धड चवही कळत नाही.

मला ती दहा मिनिटं घराबाहेर हवी होती. दहाच. — का म्हणजे? ती तुला न्यायला आली होती. आता हे तुला कोणी सांगितलेलं नाही, कारण माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. तुझे बाबा तू पोटात असतानाच वारले, ती हॉटेलात दिवसदिवस उभी, रात्री मैत्रिणींबरोबर एका खोलीत, तू माझ्याकडे. तीन वर्षं, ठकू. पहिलं पाऊल इथं टाकलंस, या फरशीवर. आणि त्या सकाळी ती आनंदानं नुसती उड्या मारत आली — दुसऱ्या गावच्या हॉटेलात नोकरी, वरची, राहायला दोन खोल्या, खिडकीसमोर झाड. ‘ताई, तू केलंस ते कोणी केलं नसतं, आता माझी पोर मी नेते.’ माझी पोर. बरोबरच होतं की. तुझी पिशवीसुद्धा आणली होती नवी, सशाचं चित्र असलेली.

ती जिना उतरली आणि मी तुझ्यापुढे अशी खाली बसले, तुझे दोन्ही हात धरले आणि तुला शिकवलं. ‘आई आली ना, की म्हणायचं — मला नवं घर नको, तिथं मला झोप येणार नाही, मी मावशीकडेच राहणार.’ म्हण बघू. तू अर्धंच म्हणालीस. परत म्हण. परत. रडायचं सुद्धा सांगितलं मी तुला. चौथ्या वेळेला तू सगळं न चुकता म्हणालीस, ‘झोप येणार नाही’ला मान हलवून, आणि मी तुझा पापा घेतला. खाली आरडाओरडा झाला तेव्हा मी तुझा पापा घेत होते.

बस. बस खाली. पाणी देऊ? — नको तर नको.

पुढचं तुला आठवत असेल, नसेल. तेराव्या दिवशी तुझे मामा म्हणाले, पोरीला मी नेतो, माझ्याकडे दोन मुलं आहेत, त्यांच्यात वाढेल. हिच्या एकटीच्या जिवावर कशाला? सगळे बसलेले. मामांनी तुला जवळ घेतलं, विचारलं, बाळ, तू कुणाकडे राहणार? आणि तू म्हणालीस. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नवं घर नको, झोप येणार नाही, मावशीकडेच राहणार — मान हलवून. आणि रडलीस. मामांना हुंदका आवरेना. म्हणाले, ताई, पोरीनं ठरवलं, आता मी कोण बोलणारा? आणि मी दाराशी उभी होते, मी काही बोलले नाही. एवढी सगळी वर्षं बोलले नाही. तुझे केस विंचरले, तापात रात्री जागले, शाळेच्या गणवेशाला दर वर्षी खालून दोन बोटं सोडली, आणि बोलले नाही. तू ‘मावशी’ म्हणून गळ्यात पडायचीस ना, तेव्हा माझ्या कानात ते वाक्य वाजायचं. माझंच वाक्य, तुझ्या आवाजात.

आणि हे मी दर रविवारी करते ते काय मला आवडतं म्हणून? तुला वाटतं आवडतं. मी काही सांगत नाही. काटा वाटीत फिरायला लागला की जिना वाजतो. हसू नकोस — हसत नाहीस, बरं. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत आपल्याला. तुझ्या आईची चाल मी ओळखते, दोन-दोन पायऱ्या टाकायची. दुसऱ्या मजल्यापर्यंत येते. मग थांबते. मी काटा थांबवते, ऐकते. पुन्हा फिरवला की पुन्हा खालपासून. एकदाही वर आली नाही. मी कडीसुद्धा काढून ठेवते. आली तर काय बोलणार तिच्याशी, तेही ठरवलेलं आहे, पण दुसऱ्या मजल्याच्या वर काही ती येत नाही.

हं? मोठ्यानं बोल, मला नीट ऐकू नाही आलं. — तुला स्वतःला? म्हणजे तुला खरंच इथं राहायचं होतं का, की आईबरोबर जायचं होतं?

ते मी कसं सांगू, राणी? त्या सकाळी तू त्या सशाच्या पिशवीत हात घालून बसली होतीस. मी तुला शिकवलं, चारदा शिकवलं. विचारलं नाही.

दे तो काटा इकडे. जा, कपडे भर तुझे. राहू दे ते, मी आवरते. जा म्हणते ना.